सोनपंख बुडाली त्या दिवशी आम्ही बंगळुरूला निघालो होतो

विमानाने जायचं हा निर्णय माझा होता. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांना फैलावर घेणार आहे आणि कुणी मला मध्येच विचारायला नको की बाई, तुम्हाला सांगितलं कुणी होतं.

कमल महिनाभर आधी माझ्या घरी आली ती हातात एक जाड पांढरं पाकीट घेऊन. परभणीच्या ज्या कन्याशाळेतून मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, तिथे कमल एकतीस वर्षं शिपाई होती. घंटा तिची. दहा चाळीस म्हणजे दहा चाळीस. शाळेसमोरचा टेलर तिच्या घंटेवर घड्याळ लावायचा. नवरा लवकर गेला. मुलगी सुजाता आमच्याच शाळेत शिकली, मग इथल्या कृषी विद्यापीठात, मग बंगळुरूला. तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीवर सहा वर्षं काम करून ती डॉक्टर झाली होती. पाकिटात पदवीदान समारंभाचे दोन पास होते. एक आईसाठी आणि दुसरा, सुजाताने चिठ्ठीत लिहिलं होतं, मॅडमसाठी.

"रेल्वेनं दोन दिस आधीच जाऊ बाई," कमल म्हणाली. "लेकीचं नाव पुकारतेत तवा मला तिथं बसलेलं पाह्यजे. दुसरं काईच न्हाई."

"कमल, तुझी लेक डॉक्टर होतेय आणि तू आयुष्यात विमानात बसलेली नाहीस. विमानानेच जायचं. तिकीट माझ्याकडून."

"विमान लेट झालं तर?"

"विमान काय पॅसेंजर आहे?" मी म्हणाले.

हे वाक्य मी नंतर बऱ्याचदा गिळलं.

नांदेडहून बंगळुरूला 'सोनपंख' नावाची नवी कंपनी थेट विमान सोडत होती. तिचं पहिलं उड्डाण झालं तेव्हा विमानाच्या चाकावर नारळ फोडला होता, पायलटला फेटा बांधला होता, आणि हे विमान आपल्यामुळेच आलं असं सांगणारे चार नेते शिडीवर उभे राहून एकाच वेळी हात हलवत होते. चौकाचौकांत त्यांचे फलक लागले. मला वाटलं, ज्या गोष्टीचं श्रेय घ्यायला एवढी झुंबड आहे ती गोष्ट किमान वर्षभर तरी टिकेल. माझी ही समज एका निवृत्त शिक्षिकेला शोभणारी नव्हती.

समारंभ शुक्रवारी सकाळी साडेदहाला. गुरुवारी दुपारी दोनचं विमान, साडेतीनला बंगळुरू, संध्याकाळी सुजाताच्या हातचा चहा. आखणीत मला खोट दिसत नव्हती.

गुरुवारी सकाळच्या गाडीने परभणीहून निघालो. नांदेडला जाणाऱ्यांनी हीच गाडी धरावी. बसायला जागा मिळते आणि उन्हाच्या आत पोचता येतं. विमानात हातातली बॅग सात किलोची लागते हे मी कमलला सांगितलं होतं, म्हणून तिने ती मोंढ्यात नेऊन भुसार दुकानाच्या काट्यावर तोलून आणली होती. पहिल्यांदा सात किलो तीनशे भरली. मग तिने तिथेच धपाट्यांचं एक पुडकं सोडून हमालांत वाटलं आणि बॅग सहा किलो नऊशेवर आणली. पिंगळी स्टेशन मागे पडेपर्यंत ती मला हे पुन्हा पुन्हा सांगत होती. "कमी हाय शंभर ग्राम. काई बोलू शकणार न्हाईत आपल्याला."

कुणी काही बोललंच नाही. विमानतळावर सोनपंखच्या काउंटरवर बोलायला माणूसच नव्हता. काचेवर चिकटपट्टीने एक कागद लावला होता: 'परिचालनविषयक कारणास्तव सर्व उड्डाणे तात्पुरती स्थगित करण्यात येत आहेत. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' खाली सही नाही, तारीख नाही, हुद्दा नाही. चाळीस वर्षांच्या नोकरीत असा कागद माझ्या टेबलावर आला असता तर मी तो लाल पेन न उघडताच परत पाठवला असता.

"तात्पुरती वगैरे काही नाही मॅडम," रांगेतले एक जाकिटवाले गृहस्थ म्हणाले. ते हळदीचे व्यापारी होते. "टीव्हीवर आलंय. कंपनी बुडाली. काल विमानाचं इंधन उधारीवर मागितलं, कुणी दिलं नाही."

नेमका त्याच क्षणी माझा फोन वाजला. सोनपंखचाच मेसेज. 'प्रिय पाहुणे, आपल्या स्वागतासाठी आम्ही आतुर आहोत. फक्त साडेतीनशे रुपयांत खिडकीची जागा निश्चित करा.' कंपनीने प्राण सोडला होता, पण तिचा हात अजून आमच्या पर्समध्येच होता.

दुसऱ्या एका विमान कंपनीचा मेसेज दहा मिनिटांत आला. तिने आमच्या दुःखात सहभागी असल्याचं कळवलं होतं, आणि हैदराबाद ते बंगळुरू खास 'दिलासा भाडं' जाहीर केलं होतं. दिलासा साडेअकरा हजारांचा होता. मी चष्मा शोधून डोळ्यांवर चढवेपर्यंत तो चौदा हजार सहाशेचा झाला, आणि व्यापाऱ्यांच्या फोनवर सतरा हजारांचा. सहानुभूती इतक्या वेगाने वाढताना मी प्रथमच पाहिली.

बाहेर तर जत्राच भरली होती. एका जीपवाल्याने पुठ्ठ्यावर 'सोनपंखवाले – हैद्राबाद' असं लिहून काचेला लावलंही होतं. एरवी सहाशेची सीट त्या दिवशी बाराशेला. कोपऱ्यातला झेरॉक्सवाला 'रिफंड फॉर्म' दहा रुपयांना विकत होता. कंपनीने असा कुठलाच फॉर्म काढलेला नव्हता. याने गारपिटीच्या अनुदानाचा जुना अर्ज काढून वरची एक ओळ बदलली होती. माणसं भिंतीला टेकून मन लावून भरत होती. 'बाधित क्षेत्र, हेक्टरमध्ये' हा रकाना अनेकांनी मोकळा ठेवला होता. 'बाधित पिकाचे नाव' यापुढे हळदीच्या व्यापाऱ्यांनी सवयीने हळद लिहिलं आणि मग खोडून विमान लिहिलं.

मीही दोन फॉर्म घेतले. लपवण्यात अर्थ नाही.

"दोन सीट हायत," जीपवाला ओरडला. "सातच्या आत हैद्राबादला सोडतो. तितून बंगळुरूची रेल्वे हाय. पाच मिन्टात निघायलो!"

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. कमलने बॅग उचलली. "चला बाई."

आणि इथे मी म्हणाले, "थांब. लेखी घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

याचं मूळ फार मागचं आहे. मी सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथल्या सिस्टर्सनी आम्हाला शिकवलं की जे कागदावर पूर्ण वाक्यात, तारखेसह आणि समास सोडून लिहिलेलं नाही, ते घडलेलंच नाही. पुढे मी मुख्याध्यापिका झाले तेव्हा दहा चाळीसला शाळेचं फाटक बंद व्हायचं आणि उशिरा येणाऱ्या प्रत्येक मुलीला माझ्यासमोर उभं राहून अर्ज लिहावा लागायचा. माझी दहशत होती, आणि खरं सांगायचं तर मला ती आवडायची. तर सोनपंखचं विमान उडालं नाही हे मला सही-शिक्क्यानिशी हवं होतं. पुढे सगळीकडे उपयोगी पडेल, असं मी कमलला समजावलं.

काउंटरमागच्या दारातून निळ्या गणवेशातली तिशीची एक बाई डोकावली आणि मला पाहून परत आत गेली. मी हाक मारली. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा तेरा वर्षांच्या मुलीचा झाला होता.

"हेडबाई! मी शबाना. पिंगळीची."

पिंगळीची शबाना! रेल्वेने यायची आणि गाडी उशिरा आली की फाटकाबाहेर उभी. माझ्या फायलीत सगळ्यात जास्त अर्ज तिचे असतील.

"शबाना, विमान रद्द झालं हे लिहून दे. सही आणि शिक्का."

"काय करता मॅडम लेखी घेऊन? तीन महिने पगार न्हाई आमचा. आमाला कुणी लेखी दिलं न्हाई."

"म्हणून तर तू द्यायचंस. निदान एकाने तरी सुरुवात करावी."

तिने काउंटरवर वाकून लिहिलं. पहिल्या खेपेला तारीख नव्हती. दुसऱ्या खेपेला समास नव्हता. तिसऱ्या खेपेला 'आम्ही' आणि 'कंपनी' यांची क्रियापदं आपसात भांडत होती, ती मी नीट केली. मग शिक्का! तो मॅनेजरच्या खोलीत कुलपात, आणि मॅनेजरने सकाळपासून फोन बंद ठेवलेला. शबानाने किल्लीसाठी सफाईच्या मावशींना शोधलं, मावशी जेवायला गेल्या होत्या.

"मॅडम, तुमी तवा बी आयकत नव्हत्या," शबाना म्हणाली. तिला हसू येत होतं. "मी म्हणायची गाडी लेट झाली. तुमी म्हणायच्या, हे कारण न्हाई, आदीची गाडी धर."

"बरोबरच म्हणायचे."

"आदीची गाडी पहाटं पाचला होती, मॅडम."

मला हे माहीत नव्हतं. कधी विचारलंही नव्हतं.

शिक्का सव्वादोनला मिळाला. गोल, जांभळा, ठसठशीत. कागद फार देखणा झाला होता. मी वळून पाहिलं तर कमल बॅगेवर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती. जीप दोन तासांपूर्वीच गेली होती.

दुसरी जीप अडीचला. बिलोली, बोधन, निजामाबाद अशी वाट. पुढचा रस्ता छान आहे, पण महाराष्ट्रातल्या टप्प्यात पाठीचे मणके मोजून घ्यावेत. निजामाबादच्या अलीकडे एका टपरीवर चहा घेतला. दूध दाट, साखर बेसुमार. कमलने उरलेली धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी काढली आणि जीपभर वाटली.

"मावशी, विमान तरी पाहिलं का?" एकाने विचारलं.

"पाह्यलं की. काचंतून. हुभं होतं धुऊन पुसून. आमच्या शाळंत जिल्ह्याचे सायेब येणार म्हणून मांडलेल्या खुर्चीवानी. कुणी बसलंच न्हाई."

सगळी जीप हसली. मीही हसले. मग ती हळूच, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "सातची रेल्वे घावंल ना बाई?"

घावली नाही. आम्ही हैदराबादेत शिरलो तेव्हा साडेआठ वाजले होते. मग बस. सुजाताला फोन करून सांगितलं की सकाळी थेट समारंभालाच येतो. त्या दिवशी बसवाल्यांनीही दिलासा देणं सुरू केलं होतं, त्यामुळे नेहमीच्या दुप्पट भाड्यात मागची झोपायची जागा मिळाली, जिथे झोपणं सोडून सगळं करता येतं. एवढं सांगते: बस सकाळी सातला पोचते असं तिकिटावर छापलेलं असतं. नाश्त्याला ती पाऊण तास थांबते आणि ड्रायव्हरला घाई नसते, कारण त्याची लेक डॉक्टर होत नसते. बंगळुरूच्या वेशीवर आम्ही साडेआठला होतो. वेशीपासून विद्यापीठापर्यंत रिक्षासकट अडीच तास लागले. कमलने बसच्या मागच्या जागेवरच, डुलत डुलत, नवी निळी साडी नेसून घेतली होती. सकाळी सुजाताला फोन लागला नाही. समारंभात फोन बंद ठेवायला सांगितलं होतं.

फाटकाशी पोचलो तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. फाटक बंद.

आत खाकी कपड्यातला, पांढऱ्या मिशांचा एक वॉचमन खुर्चीवर बसला होता. मी सळ्यांमधून पास दाखवले.

"साडेदस को बंद, मॅडम. रूल है."

मी पर्समधून तो कागद काढला. आता याची वेळ आली होती. यासाठीच तर मी दोन तास घालवले होते. त्याने चष्मा लावला, कागद वरपासून खालपर्यंत वाचला, शिक्क्यावरून अंगठाही फिरवला आणि घडी घालून मला परत दिला.

"प्लेन तो कल बंद हुआ ना, मॅडम? प्रोग्राम आज है. कल से आज तक ट्रेन था, बस था."

म्हणजे, हे कारण नाही. आधीची गाडी धर.

माझा संताप अनावर झाला. मी ठेवणीतलं कॉन्व्हेंटचं इंग्रजी बाहेर काढलं. एका मातेचा हक्क, विद्यापीठाची प्रतिष्ठा, तुमचं नाव सांगा, तुमच्या वरिष्ठांचं नाव सांगा, मी कुलगुरूंना लिहीन. मला माझाच आवाज छान लागलेला जाणवत होता. रस्त्यावरचे दोघंतिघं थांबून ऐकू लागले होते. फाटकामागच्या खांबावर एक भोंगा होता आणि त्यातून काहीतरी घरघरत होतं, पण माझं वाक्य अजून पूर्ण व्हायचं होतं.

"बाई, गप बसा!"

एकतीस वर्षांत कमल माझ्याशी या आवाजात बोलली नव्हती. मधली सुट्टी संपली की अख्ख्या मैदानाला गप्प करणारा तो आवाज होता. मी गप्प झाले. वॉचमन उभा राहिला.

भोंग्यातून एकेक नाव येत होतं. दोन नावं कानडी. एक मल्याळी असावं. आणि मग, अडखळत, भलत्याच ठिकाणी जोर देऊन: "डॉक्टर सुजाता कमल वाघमारे."

कमलने पदर सारखा केला आणि राष्ट्रगीताला उभं राहावं तशी ताठ उभी राहिली. आतल्या टाळ्या भोंग्यातून पाऊस पत्र्यावर पडावा तशा ऐकू आल्या. त्या थांबल्या आणि पुढचं नाव आलं. सगळं मिळून दहा सेकंद. मी आणखी एक वाक्य बोलले असते तर तेही गेले असते.

वॉचमनने आपली खुर्ची उचलली, फाटकाच्या छोट्या दारातून बाहेर आणून कमलजवळ ठेवली. फाटक त्याने उघडलं नाही. मी त्याच्या जागी असते तर खुर्चीही दिली नसती.

"नाव ऐकलं," कमल बसत म्हणाली. मग फाटकाच्या सळ्यांकडे पाहत, "तोंड न्हाई दिसलं तिचं."

सुजाता एकच्या सुमाराला लाल काठाचा झगा आवरत पळत आली. "आई, कुठं बसली होतीस? मी स्टेजवरून सगळ्या रांगा पाहिल्या."

"भाईरच होते बाळा. लय साफ ऐकू आलं. वागमारे म्हणताना अडखळला जरा."

सुजाताने माझ्याकडे पाहिलं. नांदेडपासून मी विमान कंपनी, जीपवाले, बसवाले, वाहतूक आणि वॉचमन असे सगळे आरोपी उभे केले होते. ते सगळे खरेच आरोपी होते. पण बारा दहाची जीप त्यांच्यातल्या कुणी चुकवली नव्हती.

"माझ्यामुळे उशीर झाला, सुजाता," मी म्हणाले.

ती हसली, पण डोळे पुसत. "मग लेखी द्या, मॅडम."

दोन दिवस राहिलो. बंगळुरूला गेलात तर ताटाएवढी इडली जरूर खा. सकाळी आठच्या आत गेलं तर उभं राहावं लागत नाही. कमलने प्रयोगशाळेतली अळी पाहिली, आणि "हिच्यासाठी सहा वरीस?" असं विचारून तिच्याकडे बराच वेळ आदराने पाहत राहिली. परत मात्र रेल्वेने आलो, नांदेडची थेट गाडी, आरक्षण सुजाताने केलं. मला कुणी विचारलं नाही आणि मीही मत दिलं नाही.

घरी येऊन तीन आठवडे झाले. सोनपंखने काल मेसेज पाठवून विचारलं आहे की आमच्याबरोबरचा प्रवास तुम्हाला कसा वाटला, पाचपैकी तारे द्या. शिडीवर उभे राहिलेले चारही नेते आता म्हणतात की ही कंपनी त्यांनी आणलीच नव्हती. दिलासा देणाऱ्या कंपनीने नांदेडचं तेच काउंटर घेतलं आहे आणि भाडं दुप्पट आहे. शबानाने तिथे अर्ज केला. त्यांना अनुभवाचा दाखला हवा होता आणि तो देणारं सोनपंखमध्ये कुणी उरलं नव्हतं. मात्र गोल जांभळा शिक्का गडबडीत शबानाच्याच पर्समध्ये राहिला होता. तिने स्वतःचा दाखला स्वतः लिहिला आणि मला फोनवर वाचून दाखवला. तिला रागवायला हवं होतं. मी दोन क्रियापदं दुरुस्त केली आणि तारीख घाल म्हणून सांगितलं.

माझा देखणा कागद टेबलावरच आहे. तो आजवर एकाच माणसाने पूर्ण वाचला, त्या वॉचमनने, आणि त्याचा निकाल योग्य होता.

परवा मी कोरा कागद घेतला, समास सोडला, तारीख घातली आणि कमलला अर्ज लिहिला. उशिराबद्दल माफीचा. पूर्ण वाक्यात. 'कारण' असं लिहून पुढे मी पहिल्यांदा सोनपंखचं नाव लिहिलं, मग खोडलं आणि लिहिलं: माझा हट्ट. संध्याकाळी तिच्या घरी जाऊन तो तिच्या हातात दिला आणि, का कोण जाणे, बसले नाही, उभीच राहिले.

कमलने तो हळूहळू वाचला. एकदा, मग पुन्हा. खोडलेला शब्द उजेडाकडे धरून पाहिला. मी विचारलं, "मंजूर का?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. शाळेतल्या माझ्या टेबलाकडे बोट दाखवून मी रोज मुलींना जे म्हणायचे, तेच ती कपाटाकडे बोट दाखवून म्हणाली.

"ठेवा तिथं. बघते."